माईनमुळा आणि ‘जे मेड केम’

‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ असं पूर्ण नाव आमच्या धंद्यात कुणी घेत नाही. ‘जे मेड केम’ म्हणायचं. मी नोकरीला लागले तेव्हा त्याचे अंक जहाजाने यायचे, म्हणजे ताजा अंकही आम्हाला शिळाच मिळायचा. तरी लायब्ररीत त्याच्यासाठी नंबर लागायचे.

हे जर्नल निघालं १९५९ साली. तेव्हा नाव आणखी लांबलचक होतं, ‘जर्नल ऑफ मेडिसिनल अँड फार्मास्युटिकल केमिस्ट्री’. संपादक दोघे: लंडनचे आर्नल्ड बेकेट आणि व्हिएन्नाहून अमेरिकेत जाऊन व्हर्जिनिया विद्यापीठात रमलेले अल्फ्रेड बर्गर. (बेकेट पुढे खेळाडूंची उत्तेजकं पकडण्यासाठी प्रसिद्ध झाले.) १९६२ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने जर्नल आपल्याकडे घेतलं आणि पुढच्याच वर्षी नावातलं ‘फार्मास्युटिकल’ गळलं.

हे जर्नल निघण्याआधी रेणू बनवणारा बहुतेकदा एका जर्नलात छापायचा आणि तो प्राण्यांवर तपासणारा दुसऱ्या. बर्गर यांनीच १९४८ मध्ये अँफेटामिनच्या जातकुळीतला एक रेणू बनवून छापला होता. तो नैराश्यावर चालतो, हे कळेपर्यंत दहाएक वर्षं उलटली. आज त्याला ट्रानिलसायप्रोमिन म्हणतात. ‘जे मेड केम’ने रचना आणि परिणाम एकाच तक्त्यात शेजारी बसवले. माझ्या मते त्याचं खरं काम हेच. बाकीचा मोठेपणा मागाहून आला.

त्या तक्त्यात एक रकाना असायचा, त्यात नुसती मूलद्रव्यांची चिन्हं: सी, एच, एन. नवख्याला काही बोध व्हायचा नाही. अर्थ असा, की नमुना जाळून मोजलेलं कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण हिशेबाने येणाऱ्या प्रमाणापासून ०.४ टक्क्यांच्या आत आहे. तीन अक्षरांपायी आम्ही रडकुंडीला यायचो. स्फटिकांत सॉल्व्हंट जरासा अडकून राहिला की कार्बन चुकलाच. मग पुन्हा विरघळवा, पुन्हा स्फटिक पाडा, रात्रभर व्हॅक्यूममध्ये वाळवा. साहेब विचारायचे, ‘‘अजून तोच रेणू?’’

या तक्त्यांवर एरवी परदेशी पत्ते वाचायची सवय; १९८३ च्या एका अंकात मात्र मुलुंडचा पत्ता दिसला. हॉस्ट या औषध कंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रातला शोधनिबंध, लेखकांत पहिलं नाव सुजाता भट यांचं, शेवटचं डिसोझा यांचं. विषय फॉर्स्कोलिन. हे द्रव्य कोलियस फॉर्स्कोहलीच्या मुळांतलं, म्हणजे लोणच्यात पडणाऱ्या आपल्या माईनमुळ्यातलं! रक्तदाब उतरवणारा आणि हृदयाच्या आकुंचनाला जोर देणारा हा रेणू. त्याचे हायड्रॉक्सिल, त्याचा अ‍ॅसिटेट, एकेक जागा बदलून परिणाम कसा पालटतो, ते त्यात मांडलं होतं. निकामी ठरलेले रेणूही त्याच तक्त्यात. मी ते आधी वाचायची. कुठे हात लावायचा नाही, ते त्यांच्यावरूनच समजतं.

याच मुळावर लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येही काम चाललं होतं. त्यांनी आपल्या द्रव्याचं नाव कोलिओनॉल ठेवलं. रचनेवरून बराच घोळ झाला आणि शेवटी दोन्ही एकच निघाली. चाललं मात्र मुलुंडचंच नाव.

मुलुंडचा तो निबंध येण्याआधीच, १९८१ मध्ये, अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी दाखवून दिलं होतं की फॉर्स्कोलिन पेशीतल्या अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या एन्झाइमला थेट जागं करतं. झालं, जगभरच्या जीवरसायनवाल्यांना ते हवं झालं. औषध म्हणून गाडं अडलं, त्याचं एक कारण अगदी साधं: ते पाण्यात नीट विरघळत नाही. जपानच्या निप्पॉन कायाकू कंपनीने रेणूला एक शेपूट जोडून ती अडचण दूर केली आणि हृदय एकाएकी कमजोर पडलेल्या रुग्णांसाठी शिरेतून द्यायचं औषध तयार केलं. मुलुंडला ते जमलं असतं, तर मला जास्त आवडलं असतं.