दोन यंत्रांची बोली



नेवासें म्हटलें कीं, प्रवरेचा तीर आणि पैसाचा खांब डोळ्यांपुढें उभा राहतो. शके १२१२ मध्यें ज्ञानदेवांनीं तेथें गीतार्थ सांगितला व सच्चिदानंदबाबांनीं तो लिहून घेतला. सांगणारा एक, उतरून घेणारा दुसरा. परंतु दोघांची बोली एक होती. आज ज्या दोन यंत्रांचा इतिहास सांगावयाचा आहे, त्यांचेंही काम असेंच वांटलेलें आहे. एक यंत्र रक्तांतील साखरेचा अदमास सांगतें, दुसरें इन्सुलिन देतें. मात्र त्यांची बोली पुष्कळ वर्षें एक नव्हती.

निरोगी शरीरांत मोजणारा व देणारा अवयव एकच असतो. तो म्हणजे स्वादुपिंड. हें कार्य ज्याचें बंद पडलें, त्यास टोरांटो येथील बँटिंग आणि बेस्ट यांच्या शोधानें इ. स. १९२१ नंतर जीवदान मिळालें. १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या मुलास पहिली सुई टोचली गेली. पहिला अर्क अशुद्ध निघाला, दुसऱ्यानें गुण आला. तथापि सुई देते, मोजीत नाहीं. किती द्यावें हा प्रश्न तेव्हांपासून रोग्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या माथीं आला. मात्रा थोडी अधिक झाली तर साखर उतरते, आणि झोपेंत उतरली तर जिवावर बेतते.

नवल असें कीं, आरंभींच्या यंत्रांत हीं दोन्ही कामें एकत्रच होतीं. लॉस एंजेलिसच्या डॉ. कादिश यांनीं १९६३ च्या सुमारास रक्त मोजून औषध देणारें यंत्र सिद्ध केलें. तें पाठीवर वाहावें लागे! १९७७ चा ‘बायोस्टेटर’ तर रोग्याच्या खाटेशेजारीं ठेवण्याचें धूड होतें. यंत्र अंगावर वागवितां यावें म्हणून कामें वेगळीं करणें भाग पडलें. १९७८ मध्यें लंडनच्या पिकप, कीन प्रभृति डॉक्टरांनीं लहान पंपानें त्वचेखालीं अखंड इन्सुलिन देण्याची रीत प्रसिद्ध केली. पण हा पंप आंधळा होता. क्लार्क व लायन्स यांनीं १९६२ मध्यें सुचविलेल्या विद्युदग्रापासून मापकाची विद्या वाढत गेली. १९९९ मध्यें अमेरिकेंत परवानगी मिळालेला पहिला अखंड मापक तीन दिवसांचे आंकडे सांठवी, पण ते मागाहून डॉक्टरांनींच पाहावयाचे! २००६ मध्यें ते पंपावर दिसूं लागले, तरी मात्रा मनुष्यानेंच ठरवावयाची.

मग व्यापार आडवा आला. पंप एका कंपनीचा, मापक दुसरीचा, आणि दोघांत अबोला. तो प्रथम मोडला तो घरच्या माणसांनीं. २०१३ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील जॉन कॉस्टिक या अभियंत्यानें आपल्या लहान मुलाच्या मापकावरील आंकडे दुरून पाहण्याची युक्ति काढली. सिॲटलच्या डेना लुईस यांस मापकाच्या गजरानें जाग येत नसे. स्कॉट लायब्रँड यांच्या साहाय्यानें त्यांनीं मोठा गजर केला, आणि २०१४ च्या अखेरीस मापक व पंप यांना जोडून टाकलें. त्यासाठीं वापरलेल्या जुन्या पंपांत बाहेरचा बिनतारी हुकूम ऐकण्याची एक फट राहिली होती. त्या फटींतून परकाही हुकूम देऊं शकेल, असा इशारा अमेरिकन सरकारनें २०१९ मध्यें दिला. इशारा खोटा नव्हता. परंतु त्याच फटीनें कित्येक घरांना रात्रीची झोप दिली, हेंही माझ्या मतें विसरूं नये.

सरकारमान्य जोडणी २०१६ मध्यें आली, पण ती एकाच कंपनीच्या घरांतली. २०१८ च्या मार्चमध्यें ‘डेक्सकॉम जी ६’ या मापकास इतरांच्या यंत्रांशीं जोडण्याची मुभा मिळाली. २०१९ मध्यें ‘टँडेम’चा पंप आणि त्यामागील गणितही त्याच नियमांत बसलें. तरीही ‘जुळतें’ या शब्दानें भुलूं नये. ‘जी ७’ हा नवा मापक अमेरिकेंत २०२२ च्या डिसेंबरांत मान्य झाला. टँडेमच्या पंपास तो ओळखूं येण्यास आणखी एक वर्ष लागलें.

‘जी ६’ दहा दिवस चालतो. म्हणजे वर्षाकांठीं छत्तीस-सदतीस लागतात. पंप मात्र एकदां घेतला कीं वर्षानुवर्षें वापरावयाचा. नेवाशासारख्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबानें म्हणूनच पंपाची किंमत विचारण्यापूर्वी, तो कोणत्या मापकाचें ऐकतो आणि तो मापक आपल्या भागांत नियमित मिळतो कीं नाहीं, हें डॉक्टरांकडून आधीं समजून घ्यावें.