जैविक हल्ला आणि फार्मासिस्ट (मुंबई)

रोगजंतू मुद्दाम पसरवले गेल्यास औषधांचा साठा, वाटप व नोंदी फार्मासिस्टला सांभाळाव्या लागतात. जंतू आणि औषधे कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न मात्र त्याही आधीचा. मुंबईला त्याची झळ फार पूर्वी लागली आहे.

पाकूरच्या जमीनदार घराण्यातील अमरेंद्रचंद्र पांडे यांना 26 नोव्हेंबर 1933 रोजी हावडा स्थानकाच्या गर्दीत दंडाला काहीतरी टोचले. 4 डिसेंबरला ते दगावले. रक्तात प्लेगचे जंतू निघाले. तपास मुंबईपर्यंत आला. खुनाचा कट रचणाऱ्या सावत्र भावाचे साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांनी संशोधनाच्या नावाखाली आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात (आजचे कस्तुरबा) शिरकाव केला होता, आणि तिथे परळच्या हाफकिन संस्थेतून प्लेगचे जिवंत जंतू आले होते. कुलूप फोडावे लागले नाही, ओळखीपाळखी पुरल्या. सावत्र भाऊ आणि भट्टाचार्य या दोघांची फाशी 1936 मध्ये जन्मठेपेत बदलली.

नोंदीचे मोल परळच्याच लसीने शिकवले. 1902 मध्ये पंजाबातील मुलकोवालला प्लेगची लस टोचलेल्या 107 जणांपैकी 19 जण धनुर्वाताने गेले. त्या 19 जणांची लस एकाच, 53-एन क्रमांकाच्या बाटलीतली होती. ही लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्यावरचा ठपका 1907 मध्ये पुसला गेला. बाटलीचा क्रमांक लिहिलेला नसता तर दोष नेमका कुठल्या लसीत होता, हेही कळले नसते. बॅच नंबर टिपण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण सांगायला हवे.

1994 मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटताच दुकानांतले टेट्रासायक्लिन हातोहात संपले. अशा वेळी प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात काय शिल्लक आहे आणि ते आधी कोणाला द्यायचे, हे गर्दी जमण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. अँथ्रॅक्सचे जंतू श्वासातून गेल्याची शंका असल्यास सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन साधारण 60 दिवस घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडू नका, सिप्रो दूध किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका, हे काउंटरवर सांगायचे काम फार्मासिस्टचेच. लालबाग-परळमध्ये पाणी तुंबल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या धास्तीने डॉक्सिसायक्लिन दिले जाते, तेव्हा याच वाटपाचा सराव होतो. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचे मूल समोर आले की गोळी न देता डॉक्टरांना विचारायचे, हेही त्यातच येते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2008 मध्ये जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. गल्लीतला केमिस्ट अशा आराखड्यांत फार मागे राहतो. एकाच चाळीतून तापाच्या औषधाला अचानक मागणी वाढली, तर ती रुग्णालयाआधी त्याला दिसते. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याचा फोन नंबर त्याच्या काउंटरवर असायला हवा.