बाईंना शिकवणाऱ्या बाई

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत बचत गटांच्या समन्वयाचं काम करणाऱ्या आम्ही मैत्रिणी आज तुमच्याशी थोडं इतिहासाबद्दल बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की किल्ले आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. आजचा इतिहास मात्र पाटी, अंगण आणि गुरचरणाचा आहे.

५ सप्टेंबरला शिक्षकदिन झाला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा हा जन्मदिवस. १९६२ पासून तो शिक्षकदिन म्हणून साजरा होतो. आपल्या गावच्या शाळेत गुरुजींना आणि बाईंना फुलं दिली जातात. कुठे शाल-श्रीफळ होतं. विद्यापीठाच्या बी.एड. कॉलेजात तर शिकणारे भावी शिक्षकच आपल्या प्राध्यापकांचा सत्कार करतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. चांगली गोष्ट आहे. पण त्या फोटोवरून आमच्या एका सभेत प्रश्न निघाला. मुलांना बाई शिकवतात, मग बाईंना कोणी शिकवलं? शिकवायला शिकवणारी पहिली बाई कोण?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला पुण्यापासून सुरुवात करावी लागते, पण ते येऊन पोहोचतं आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात आणि तिथून थेट आपल्या पाड्यावर.

सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली हे आपल्याला माहीत आहे. दरवर्षी ३ जानेवारीला आपण त्यांचा फोटो लावून हार घालतो. पण त्यांनी शिकवण्याचं रीतसर शिक्षणही घेतलं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. आधी जोतिरावांकडून अक्षरओळख झाली. मग अहमदनगरला मिस फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकवायचं कसं ते शिकल्या. नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तर तयार करणारी शाळा. नुसती हिंमत पुरत नाही, हातात कसबही लागतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. १८५२ साली इंग्रज सरकारने विश्रामबागवाड्यात या कामासाठी सत्कार केला. शालजोडी जोतिरावांना मिळाली.

पुढे १८७० साली पुण्यात स्त्री-शिक्षिका तयार करण्यासाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघालं. १८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन नेमलं. त्याच्यापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळेसाठी बायकांनाच शिक्षिका म्हणून तयार करा आणि शाळा तपासायलाही बायका नेमा, असं त्यांनी सांगितलं. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथेही विधवा आणि टाकलेल्या बायकांना शिक्षिका होण्याचा रस्ता मिळाला. त्या काळात विधवा बाईला स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर दोनच दारं थोडी उघडी होती. एक नर्सचं आणि दुसरं शिक्षिकेचं.

या दुसऱ्या दारातून आत आलेली एक मुलगी म्हणजे अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत कपाळ पांढरं झालं. पण घरच्यांनी तिला चुलीपाशी बसवून ठेवलं नाही, शाळेत पाठवलं. व्हर्नाक्युलर फायनल झाली, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. आधी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात काही वर्षं शिकवलं, नंतर पुण्यात हुजूरपागेत. दिवसा शाळेत शिकवायच्या आणि रात्रशाळेत जाऊन स्वतः मॅट्रिकचा अभ्यास करायच्या. बी.ए. झाल्या तेव्हा त्यांचं वय होतं ५१. आपल्या गटातली एखादी ताई म्हणते ना, आता माझं काय शिकायचं वय राहिलं का? तिला हा आकडा जरूर सांगा.

दुसऱ्या बाई म्हणजे ताराबाई मोडक. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईचा. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या, म्हणजे बायकांत पदवीधर शोधून सापडायच्या नाहीत अशा काळात. लग्न टिकलं नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल झाल्या. म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्याच प्रमुख. पगार होता, मान होता. पण भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी वेगळ्या तऱ्हेचं काम करत होते. मारायचं नाही, घोकायला लावायचं नाही, मुलाच्या हाताला काम आणि मनाला मोकळीक द्यायची. ताराबाईंनी प्रिन्सिपलची खुर्ची सोडली आणि त्या गिजुभाईंबरोबर कामाला लागल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं. पण शहरातल्या खात्यापित्या घरांच्या मुलांना शिकवून त्यांचं समाधान होईना. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलांचं काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

१९४५ साली ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. वय ५३. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची अनुताईंशी गाठ पडली. अनुताई हुजूरपागेचं काम सोडून त्यांच्याबरोबर निघाल्या. बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. तेव्हा डहाणू, तलासरी, शहापूर, मुरबाड हा सगळा एकच ठाणे जिल्हा होता. २०१४ साली पालघर वेगळा झाला.

ते वर्ष कसं होतं हेही लक्षात ठेवू. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या जवळच टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. त्यातून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने डहाणू-उंबरगावकडचे वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी घेतलेलं कर्ज फेडायला नवरा-बायको सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या घरात आई-बाप दोघंही दुसऱ्याच्या शेतात जुंपलेले, त्या घरातलं पोर बालवाडीत कोण सोडणार?

तसंच झालं. बोर्डीची बालवाडी सुरू झाली, पण वस्तीवरची मुलं येईनात. शहरातली एखादी संस्था म्हणाली असती की यांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाई-अनुताईंनी तसं म्हटलं नाही. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे जाईल, असं ठरवून त्या वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणं, गोष्ट, खेळ. आई कामावर जाता-येता बघायची आणि दोन घटका थांबायची. अंगणात भरते म्हणून नाव पडलं अंगणवाडी. हा शब्द कुठल्या ऑफिसात नव्हे, आपल्या जिल्ह्यातल्या मातीच्या अंगणात तयार झाला.

शिकवण्याचं साहित्यही तसंच. मॉन्टेसरी पद्धतीचे लाकडी खेळ महाग असतात. इथे त्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं, माती आली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पानं. मुलाला हाताशी जे ओळखीचं आहे त्यातूनच शिकवायचं.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भोवती वारल्यांचे पाडे. तिथे दुसरी अडचण दिसली. थोडी मोठी मुलं गुरांमागे जायची. गुरं सोडून शाळेत आलं तर घरात मार. मग बाई गुरचरणात गेल्या. गुरं चरतात तोवर झाडाखाली शाळा. तिला नाव दिलं कुरणशाळा.

तिसरी अडचण तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मोठी बहीण शाळेत का येत नाही? कारण कडेवर धाकटं भावंडं असतं. यावर त्यांनी विकासवाडी काढली. एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताई येताना बाळाला घेऊन येईल, बाळ पाळणाघरात झोपेल, मधलं बालवाडीत खेळेल आणि ताई वर्गात बसेल. आजही एखादी मुलगी पाचवी-सहावीत गळते तेव्हा कारण बरेचदा हेच असतं. या बायकांनी त्यावरचा उपाय तेव्हाच करून दाखवला होता.

आता परत आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एवढ्या अंगणवाड्या आणि कुरणशाळा चालवायच्या तर शिक्षिका कुठून आणायच्या? शहरातून शिकलेल्या किती जणी येऊन पाड्यावर राहतील? म्हणून बोर्डी-कोसबाडला मुलांच्या शाळेबरोबरच बाई घडवण्याचं कामही चाललं. खेड्यातल्या, थोड्याच शिकलेल्या बायकांना बालसेविका म्हणून तयार केलं. मुलाशी कसं बोलायचं, रडणाऱ्याला कसं शांत करायचं, खेळातून आकडे कसे आणायचे, आईला कसं समजवायचं. हेच त्यांचं कॉलेज होतं आणि त्याचा वर्ग अंगणात भरत होता. राजकोटच्या कॉलेजची खुर्ची सोडलेल्या बाई टेकडीवर बसून खेड्यातल्या बायकांना शिक्षिका करत होत्या. आम्हाला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी काम पुढे चालवलं. त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. त्यांनी आपली कहाणी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात लिहिली आहे. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर गटात एकीने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज डोळखांब असो की टोकावडे, खर्डी असो की धसई, गावोगावी तो बोर्ड दिसतो. आत जी ताई बसते ती ताराबाई-अनुताईंच्या बालसेविकेची वारस आहे. पण बोर्डीला शिकवणं आधी होतं. आता आपण त्या ताईला खिचडीवाली ताई म्हणतो. ती वजनं घेते, रजिस्टर भरते, मोबाईलमध्ये माहिती टाकते, गरोदर बाईच्या घरी जाते आणि उरलेल्या वेळात मुलांना शिकवते. तिला पगार नाही, मानधन मिळतं. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. ग्रॅच्युइटी म्हणजे बरीच वर्षं सेवा केल्यावर काम सुटताना मिळणारी रक्कम. त्या शिक्षिकाच आहेत, हे गावाने म्हणायचं मात्र अजून बाकी आहे.

हे आम्ही का सांगतो आहोत? दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरची कातकरी आणि ठाकर कुटुंबं वीटभट्टीवर जातात. पोरं बरोबर जातात. अंगणवाडीच्या हजेरीतली नावं तशीच राहतात आणि जागा रिकाम्या होतात. अनुताई असत्या तर त्यांनी आधी विचारलं असतं, मूल कुठे गेलं? आणि मग त्या भट्टीकडे चालू लागल्या असत्या. आपल्याच भागात वीटभट्टीवरच्या झोपड्यांना भोंगा म्हणतात आणि त्यांच्यात भोंगाशाळाही चालवल्या गेल्या. रस्ता दाखवलेला आहे.

म्हणून पुढच्या सभेत, हप्ता जमा झाल्यावर, चार गोष्टी ठरवा. पहिली, आपल्या अंगणवाडीच्या ताईला आणि मदतनीस मावशींना सभेला बोलवा आणि त्यांनी ट्रेनिंग कुठे घेतलं, मुलांना काय शिकवतात ते विचारा. त्यांना बोलू द्या. दुसरी, गटातल्या दोघी-दोघींनी पाळी लावून आठवड्यातून एक तास तिथे गोष्ट सांगायला जा. आपल्या बोलीतली गोष्ट, आजीने सांगितलेली. चिंचोके, शिंपले, बिया आपल्याच घरातून न्या. तिसरी, दिवाळीआधी पाड्यावरून कोणती मुलं बाहेर जाणार त्यांची यादी ताईबरोबर बसून करा आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवा. मुलं ज्या गावाला जातात तिथल्या अंगणवाडीत त्यांना खाऊ आणि जागा मिळावी अशी मागणी लेखी द्या. चौथी, कोणत्या घरात मोठी मुलगी धाकट्यासाठी शाळा बुडवते ते बघा. ग्रामसंघाने एक खोली आणि दोन बायका दिल्या तरी भातकापणीच्या दिवसांत पाळणाघर चालू शकतं.

शाल-श्रीफळ करायचं असेल तर जरूर करा. फक्त त्या दिवशी शाळेच्या बाईंशेजारी अंगणवाडीच्या ताईचीही खुर्ची मांडा. आणि तुमच्या गावात हे कसं झालं, किती मुलांची यादी निघाली, ते आम्हाला लिहून किंवा फोनवर नक्की कळवा. पुढच्या बोलण्यात आम्ही ते सगळ्यांना सांगू. येतो आम्ही. नमस्कार.