बापाचे नाव आणि बापाचा ठेका

मुलाने चांगले काम केले की आपल्याकडे म्हणतात, बापाचे नाव काढले. वाईट केले तर बापाचे नाव बुडवले. उर्दूत लायक वारसाला 'खलफ' आणि नालायकाला 'नाखलफ' म्हणतात. दोन्ही भाषांत मुलाचे माप बापाच्याच गजाने घेतले जाते. ही चाल फक्त आपल्या समाजाची आहे असे आम्हांला वाटत असे. पाश्चात्त्य रॉक संगीताचा इतिहास चाळला तेव्हा तिथेही तेच आढळले.

आपल्या संगीतात घराण्याची चौकट आहे. उस्तादाचा मुलगा बापासारखा गायला तर त्याला कोणी नक्कल म्हणत नाही; उलट तीच त्याची सनद ठरते. रॉकचे तसे नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतातून १९५० च्या दशकात उभे राहिलेले हे गाणे थोरल्या पिढीविरुद्धचे बंडच होते. मग बंडखोरांची मुले हातात वाद्य घेऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी काय करायचे होते? बापासारखे वाजवले तर नक्कल, वेगळे वाजवले तर नाव बुडवले.

लंडनच्या 'लेड झेपलिन' या वाद्यवृंदाचा ड्रमवादक जॉन बोनहॅम २५ सप्टेंबर १९८० रोजी अतिमद्यपानाने वारला. वय अवघे ३२. उरलेल्या तिघांनी त्याच्या जागी दुसरा माणूस न घेता वाद्यवृंदच बंद केला. जॉनचा मुलगा जेसन तेव्हा चौदा वर्षांचा होता. १९७६ साली पडद्यावर आलेल्या त्यांच्या चित्रपटात तो बापाच्या सोबतीने छोट्याशा ड्रमवर हात चालवताना दिसतो. १९८८ साली न्यूयॉर्कच्या एका सोहळ्यात तो त्या तिघांबरोबर बसला, पण तो कार्यक्रम जमला नाही. खरी कसोटी लागली १० डिसेंबर २००७ रोजी, लंडनच्या ओ-टू सभागृहात. सुमारे २० हजार माणसे मावतील अशी ती जागा, आणि तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आल्याचे सांगितले जाते. सत्तावीस वर्षे रिकाम्या राहिलेल्या बापाच्या आसनावर जेसन बसला. त्या रात्री त्याचा ठेका ढळला नाही.

तो कार्यक्रम ज्याच्या स्मरणार्थ झाला त्याचे नाव अहमद एर्तेगुन. आपल्या वाचकांना ते फारसे परिचित नसेल. १९२३ साली इस्तंबूलला जन्मलेला हा तुर्की मुलगा वॉशिंग्टनमधल्या तुर्की वकिलातीत वाढला, कारण त्याचे वालिद मुनीर एर्तेगुन हे तिथे राजदूत होते. काळ्यागोऱ्यांनी एकत्र बसणे ज्या शहराला मान्य नव्हते, त्या शहरात अहमद आणि त्याचा भाऊ नसुही काळ्या वादकांना वकिलातीत बोलावीत. वडिलांची मुत्सद्देगिरी मुलांनी चालवली नाही. १९४७ साली अहमदने एका भागीदाराबरोबर 'अटलांटिक रेकॉर्ड्स' काढली. रे चार्ल्स आणि पुढे लेड झेपलिन यांच्या तबकड्या याच कंपनीच्या. १४ डिसेंबर २००६ रोजी तो वारला आणि इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या ओझबेकलर तेक्क्यात, आपल्या वडिलांजवळ, त्याला दफन केले. राजदूताचा मुलगा राजदूत झाला नाही. म्हणून त्याने बापाचे नाव बुडवले असे कोण म्हणेल?

विरासतीची दुसरी बाजू मात्र कडू आहे. फ्रँक झापा हा अमेरिकन संगीतकार १९९३ साली गेला. त्याचा मुलगा ड्वीझिल याने बापाच्या अवघड रचना बसवून २००६ पासून 'झापा प्लेज झापा' या नावाने दौरे केले. २००९ साली ग्रॅमी पुरस्कारही मिळवला. २०१५ साली आई वारली. तरक्यात दोन धाकट्या भावंडांच्या वाट्याला तीस-तीस टक्के आणि ड्वीझिल व थोरल्या बहिणीच्या वाट्याला वीस-वीस टक्के आले. कारभार धाकट्यांच्या हाती गेला आणि २०१६ साली ड्वीझिलला आपल्या दौऱ्याचे नाव बदलावे लागले. रियाज त्याचा, आडनावही त्याचेच. पण नावाची मालकी विश्वस्त निधीची! २०१८ साली समेट झाला आणि २०२२ साली ही सारी मिळकत एका बड्या कंपनीने विकत घेतली. शेतीच्या बांधावरून भाऊ भाऊ तुटलेले आपण पाहतो. इथे बांध सुरांवर घातला गेला.

बीटल्सच्या मुलांनी हाच भार निरनिराळ्या रीतीने वाहिला. जॉन लेननचा थोरला मुलगा ज्युलियन याची पहिली तबकडी १९८४ साली आली आणि लोकांना तिच्यात बापाचाच आवाज ऐकू आला. बापाचे सर्वांत गाजलेले गाणे त्याने कित्येक वर्षे जाहीरपणे गायलेच नाही. ते गायले २०२२ साली, युक्रेनच्या निर्वासितांसाठी. जॉर्ज हॅरिसन नोव्हेंबर २००१ मध्ये गेला तेव्हा त्याची शेवटची तबकडी अपुरी होती. मुलगा धानी आणि स्नेही जेफ लिन यांनी ती २००२ साली पुरी केली. जॉर्जच्या पहिल्या बरसीला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये धानी गिटार घेऊन उभा होता. त्याच रंगमंचावर पंडित रविशंकरांची रचना त्यांची मुलगी अनुष्का हिने वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. वारसा मुलग्याकडेच जातो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी आपल्या मुंबईकडे येऊ. 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन वाद्यवृंदाचा ड्रमवादक मिकी हार्ट याचे वडीलही नामांकित ड्रमवादक होते. ते वाद्यवृंदाचा हिशेब पाहत आणि १९७० साली दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम घेऊन पसार झाले. शरमेने मिकीने १९७१ साली वाद्यवृंद सोडला. तो १९७४ साली परतला. त्याच्या वाट्याला आलेली विरासत ही अशी! पण मिकीला ताल शिकवणारा आणखी एक माणूस होता: मुंबईचे उस्ताद अल्लारखा. उस्तादांनी आपल्या नवजात मुलाच्या कानात तबल्याचे बोल सांगितले होते, असे तो मुलगा, झाकीर हुसेन, पुढे अनेकदा सांगत असे. झाकीर आणि मिकी या दोघांनी मिळून १९७६ साली 'दिगा' ही तबकडी काढली आणि १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'ला ग्रॅमी मिळाले. एकाला तो ताल रक्तातून आला, दुसऱ्याला शागिर्दीतून. ऐकणाऱ्याला त्यात सख्खा-सावत्र भेद करता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले, तेव्हा त्यांचा ठेका किती देशांतल्या हातांत उतरला होता याची मोजदाद कोणी करावी?

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात मुलाला त्याच्या बापाच्या नावाने सहज ओळखतो: हा अमक्याचा, तो तमक्याचा. घर, जमीन, आडनाव आणि कधी कधी बदनामी यांचे वाटे कागदावर पडतात. हुनर मात्र जो रियाज करील त्याचे. जेसनला बापाचे आसन मिळाले ते रक्तामुळे. त्यावर त्याला टिकवले ते हातांनी. ज्या मुलाच्या बापाला कुणी ओळखत नाही, त्यालाही हे हात आहेतच. आपल्या मुलांना एवढे सांगितले, तरी ती विरासत थोडी नाही.