लहर, मर्जी आणि वेड : करवीरच्या एका छत्रपतींची आणि काही शब्दांची कहाणी

१/ २५ डिसेंबर १८८३. अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अवघ्या वीस वर्षांचा एक तरुण मृत्युमुखी पडला. हा तरुण म्हणजे करवीरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज. इंग्रज सरकारच्या लेखी ते ‘वेडे’ होते. या एका शब्दामागचा इतिहास समजून घ्यायचा, तर आधी शब्दांकडेच वळावे लागते. 🧵

२/ मनुष्य अनपेक्षित वागला की त्याला काय म्हणावे? मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. ‘लहरी’ हा शब्द पाण्यावरून आला. लहर म्हणजे लाट. साप चावल्यावर अंगात विषाच्या लहरी येतात, तशीच मनातही एखादी लहर उठते आणि ओसरते. ‘छांदिष्ट’ आला संस्कृत ‘छंद’, म्हणजे इच्छा, यावरून. ‘तऱ्हेवाईक’मधली ‘तऱ्हा’ मात्र मूळची अरबी.

३/ ‘विक्षिप्त’ या शब्दाचा प्रवास अधिक रंजक आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तेथे विक्षिप्त म्हणजे अधूनमधून स्थिरावणारे, पण पुन्हा भरकटणारे चित्त. म्हणजे तुमच्या-आमच्या सर्वांचेच! पुढे व्यवहारात तो शब्द चारचौघांहून वेगळ्या माणसाला चिकटला.

४/ इतर भाषांनी आपापली कारणे शोधली. लॅटिनमध्ये ‘लूना’ म्हणजे चंद्र. त्यावरून इंग्रजीत वेड्याला ‘लुनॅटिक’ म्हटले गेले, तर जर्मनमध्ये मनाच्या लहरीला ‘लाउने’. इंग्रजी ‘एक्सेंट्रिक’ हा मूळचा ग्रीक ज्योतिषातला शब्द : ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीवर नाही ते. कुठे पाणी, कुठे चंद्र, कुठे ढळलेले केंद्र. दोष मात्र नेहमी त्या माणसाचाच.

५/ सत्ताधीशाची गोष्ट निराळी. त्याच्या लहरीला ‘मर्जी’ म्हणतात. मर्जी राखावी लागते, मर्जीतून उतरण्याची धास्ती असते आणि ‘खप्पामर्जी’ झाली तर संपलेच. राज्यकर्ता गेल्यावर मात्र भाषा हिशेब चुकता करते. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली. आज लहरी कारभाराला मराठी माणूस ‘तुघलकी’ म्हणतो. त्याच्या हयातीत हे म्हणण्याची छाती कोणाची होती?

६/ आता कोल्हापूर. युरोपच्या प्रवासावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी राजाराम महाराजांचे फ्लॉरेन्स येथे निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. १८७१ मध्ये नारायणराव भोसले हा आठ वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि चौथा शिवाजी झाला. राज्य छत्रपतींच्या नावाचे, पण कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. पुढे कारभारीपदी माधवराव बर्वे आले.

७/ काही वर्षांतच राजांच्या वागण्याविषयी तक्रारी सुरू झाल्या आणि सरकारने त्यांना भ्रमिष्ट ठरवले. गादीवर बसलेल्या राजाच्या लहरीला एरवी ‘मर्जी’ म्हटले असते. येथे गादी होती, सत्ता नव्हती. म्हणून त्याच वागण्याला ‘वेड’ हे नाव मिळाले, आणि त्या नावाबरोबर पहारेकरी आले.

८/ पुण्यात दुसरी बाजू उभी राहिली. जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले की राजे वेडे नाहीत, त्यांचा छळ होत आहे. त्यांनी बर्व्यांच्या नावाची काही पत्रेही छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे खरी असल्याचे न्यायालयात सिद्ध होऊ शकले नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची कैद झाली.

९/ शिक्षेत सूट मिळून दोघे २६ ऑक्टोबरला सुटले. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपही त्यांचेच. वेड खरे की पांघरलेले, हा प्रश्न ज्याच्याभोवती घुटमळतो अशा राजपुत्राचे ते नाटक!

१०/ खटला पत्रांच्या खरेपणाचा होता. राजांच्या मनाचा निवाडा त्या न्यायालयात झालाच नाही. दरम्यान १८८२ मध्येच त्यांना कोल्हापूरपासून दूर अहमदनगरच्या किल्ल्यात हलवले गेले. एकीकडे ‘वेडा राजा’, दुसरीकडे ‘छळलेला राजा’ : दोन्ही बाजूंना शब्द होते. ज्याच्याविषयी ते बोलले जात होते, त्याचे शब्द मात्र कोणाच्याही पानावर नव्हते.

११/ १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव करवीरच्या गादीवर दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज. पुढच्या छत्रपतींच्या तेजात आधीच्या छत्रपतींची कहाणी झाकोळून गेली. कोल्हापूरचा इतिहास सांगताना चौथ्या शिवाजींच्या वाट्याला पुष्कळदा एखादे वाक्य येते, आणि त्यात तोच जुना शब्द असतो.

१२/ म्हणून जुन्या कागदांत ‘लहरी’, ‘विक्षिप्त’, ‘वेडा’ अशी विशेषणे भेटली की पुढे जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. हा शब्द कोणी लिहिला? कोणाविषयी लिहिला? आणि तो लिहिला गेल्यावर राज्याच्या किल्ल्या कोणाच्या हाती गेल्या? चौथ्या शिवाजींच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तरी स्पष्ट आहे : त्यांच्या हाती नाही.