नऊवार कापड आणि एक कात्री

मागे बसलेल्यांनाही आवाज नीट येतोय ना? मग सुरुवात करू या.

आज टेबलावर आपण दोन नऊवारी ठेवल्या आहेत. पहिली साधी, सुती, घडी घातलेली. दुसरी शिवून आणलेली, हँगरला लावलेली. पहिलीची घडी उलगडली तर काय दिसतं? एक लांबच लांब आयत. नऊ वार, म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. मध्ये कुठे शिवण नाही, बटण नाही, गोलाई नाही. दुसरीला दोन पाय आहेत, कमरेला पट्टा आहे, हूक आहे, निऱ्या टीप मारून पक्क्या केल्या आहेत. पायजम्यासारखी चढवायची, हूक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा. पाच मिनिटांत तयार.

अंगावर आल्यावर, लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. आजच्या विषयाची सगळी गंमत, आणि थोडी चिंतासुद्धा, इथेच आहे. आजची फॅशन इतिहासातून काहीतरी उचलते, असं आपण नेहमी म्हणतो. पण ती नेमकं काय उचलते? कपड्याचं चित्र की त्याची बांधणी?

हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. कपड्यांच्या इतिहासावर बोलायला आम्ही कुठेही गेलो की शेवटी कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, “आजीचं लुगडं आहे हो घरात. पडूनच आहे. शिवून घेऊ का?” पूर्वी आम्ही पटकन ‘नको’ म्हणायचो. आता तसं म्हणत नाही. का, ते पुढे येईल.

आधी हे न शिवलेलं कापड अंगावर टिकतं कसं, ते पाहू. लुगडं कमरेभोवती घेऊन गाठ मारायची. एका बाजूचं कापड पदराकडे जातं, दुसऱ्या बाजूच्या निऱ्या होतात. निऱ्यांचा खालचा काठ दोन पायांमधून मागे न्यायचा आणि कमरेत खोचायचा. झाला कासोटा. परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. सगळा भार त्या एका गाठीवर, आणि कापडाच्या घड्या एकमेकींना धरून ठेवतात त्यावर.

आता हातात एखादा रुमाल असेल तर काढा. काठाच्या दिशेने ओढून पाहा, फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. बघा, कसा लवतो! विणलेलं कापड तिरप्या दिशेने ताण देतं. शिंपी याला ‘क्रॉस’ म्हणतात. कासोटा मागे ओढला की मांडीवर आणि गुडघ्यावर कापड असंच तिरपं येतं. म्हणून बाई त्यात उकिडवी बसू शकते, चिखलात वाकून भात लावू शकते. शेतातल्या बाईने ते गुडघ्यापर्यंत वर खोचलं, कोळणीने आपल्या पद्धतीने घट्ट नेसलं, लग्नघरातल्या बाईने घोळदार सोडलं. कापड तेच, बांधणी वेगळी. शिवाय सासूचं लुगडं सुनेला होतं, बाळंतपणाआधीचं बाळंतपणानंतरही होतं. साइझ नावाची भानगडच नाही.

म्हणजे या कपड्याचं ‘डिझाइन’ कापडात कमी आणि नेसणारीच्या हातात जास्त आहे. हे एवढं लक्षात ठेवू आणि इतिहासाकडे वळू.

आपण म्हणतो, साडी हजारो वर्षांची आहे. न शिवलेलं वस्त्र जुनं आहे, यात शंका नाही. पण परकर, ब्लाउज आणि डाव्या खांद्यावर पदर, हा जो पूर्ण पोशाख आज देशभर ‘पारंपरिक’ म्हणून ओळखला जातो, तो फार जुना नाही. त्याच्या घडणीत मुंबईचाही वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. १८६४ मध्ये त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर इकडे आल्या. त्या काळी बंगालमधल्या घरंदाज बायका घरात एकच साडी गुंडाळत. बाहेर, चारचौघांत जाण्याजोगा पोशाखच त्यांच्याकडे नव्हता. मुंबईत ज्ञानदानंदिनींनी पारशी बायकांची साडी पाहिली. त्यातून त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली: आत परकर, वर शिवलेलं जाकीट किंवा ब्लाउज, आणि पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे उजवा हात मोकळा. ब्राह्मो समाजातल्या बायकांनी ती उचलली आणि ‘ब्राह्मिका’ साडी म्हणून ती ओळखली जाऊ लागली.

त्यांनी साडी कापली नाही, हे इथे पाहण्यासारखं आहे. शिवण आली ती साडीच्या आत आणि साडीच्या वर. परकराची नाडी आली आणि कमरेच्या गाठीचं काम तिने घेतलं. ब्लाउजबरोबर इंग्रजी शिवणकाम आलं: काखेची गोलाई, छातीचे टक्स, हुकांची पट्टी. आपली जुनी चोळी खणातून निघायची. लहान-लहान तुकडे जोडून तिला आकार यायचा आणि पुढे गाठ मारायची. पुरुषांची बाराबंदीही बंदांवर बसायची. नव्या ब्लाउजला मात्र मापं लागली, टेप लागली, आणि अंग बदललं की उसवणं आलं.

या नव्या रूपाचा प्रसार चित्रांनीही केला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या छापील चित्रांतल्या भरजरी साडीतल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. देवीच साडीत दिसू लागली, तेव्हा साडी कायमचीच तशी होती, असं वाटायला किती वेळ लागणार!

महाराष्ट्रात नऊवारी मात्र बराच काळ टिकली. शहरातल्या तरुण मुली पाचवारी-सहावारी गोल साडीकडे वळल्या त्याला शिक्षण, नोकरी, आगगाडीचा प्रवास अशी कारणं होतीच. त्यात दुसरं महायुद्ध आलं. कापड महागलं, दुर्मीळ झालं. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम काढला. मोठ्या माणसांच्या बोलण्यात ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द ऐकला असेल, तो याच दिवसांचा. नऊ वारांत आणि सहा वारांत तीन वारांचा फरक, म्हणजे पावणेतीन मीटर. टंचाईत हा फरक लहान नसतो. फॅशन बदलते तेव्हा आपण आवडीनिवडीचं बोलतो; कापडाचा भाव आणि रेशनची रांग यांच्याकडेही पाहायला हवं.

मग नेसण्याचं वस्त्र शिवायला कधी लागलो? याचं एक ठळक उदाहरण मद्रासचं आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ मध्ये भरतनाट्यम रंगमंचावर सादर केलं आणि पुढच्या वर्षी ‘कलाक्षेत्र’ची स्थापना झाली. नाचाचा पोशाखही त्यांनी नव्याने घडवला. मंदिरांतल्या मूर्तींचं निरीक्षण केलं, आणि मद्रासमध्ये राहणाऱ्या एका इटालियन शिवणकार बाईंची मदत घेतली. पायजम्यासारखे दोन पाय आणि मध्ये पंख्यासारख्या उघडणाऱ्या निऱ्या, हा आज आपल्याला अगदी प्राचीन वाटणारा पोशाख म्हणजे साडीचं शिवलेलं रूप आहे. बैठक घेतली की पंखा उघडतो. नेसलेल्या साडीची चाल त्यांनी ओळखली आणि ती शिवणीत बसवली. नुसता देखावा उचलला असता तर पंखा उघडलाच नसता.

हाच पेच परदेशातही पडला होता. युरोपात त्या सुमारास ग्रीक पुतळ्यांच्या वस्त्रांनी शिवणकारांना वेड लावलं होतं. व्हेनिसमध्ये मारियानो फोर्टुनी यांनी १९०७ च्या सुमारास ‘डेल्फॉस’ नावाचा रेशमी, बारीक चुण्यांचा झगा केला. पुतळ्याच्या अंगावरच्या चुण्या त्यांनी रेशमात पक्क्या केल्या. पॅरिसमध्ये मादलेन व्हियोने यांनी दुसरी वाट धरली. लाकडाच्या लहान बाहुलीवर कापड टाकून त्या तासन्‌तास पाहत बसत. ग्रीक बाईच्या अंगावर कापड असं वाहतं का? त्यांनी कापड पंचेचाळीस अंशांत फिरवलं आणि तिरपं कापलं. मघाशी आपण रुमाल ओढून पाहिला, तेच. त्यांचे झगे ग्रीक दिसावेत असा हट्ट नव्हता, पण अंगाबरोबर हलण्याचा ग्रीक गुण त्यांच्यात आला. आजही अंगासरशी पडणारा रेशमी झगा तिरपा कापला जातो तेव्हा त्यात व्हियोनेंचा धडा असतो.

आता टेबलावरच्या दुसऱ्या नऊवारीकडे परत येऊ. तिने काय राखलं? काठ, कासोटा, पदर, ठसका. काय सोडलं? गाठ, आणि गाठीबरोबर येणारी सैलघट्ट करायची मुभा. कासोट्याचा तिरपा ताण जिथे कापड पेलत होतं, तिथे आता दोन पायांमधली शिवण पेलते, आणि जास्त वाकलं की पहिल्यांदा तीच उसवते. कमरेचं माप ठरलं, म्हणजे साइझ आली.

पण मिळालं काय, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. गुढीपाडव्याला गिरगावात, ठाण्यात, डोंबिवलीत मोटारसायकलवर निघणाऱ्या मुली पाहा. त्यांच्या आयांनाही नऊवारी नेसता येत नाही, मग त्यांना कोण नेसवणार? परदेशातल्या मराठी मंडळांत गणपतीला एखादी बाई ही नऊवारी बॅगेतून काढते आणि चढवते. घरच्या घरी नऊवारी शिवून देणाऱ्या कितीतरी बायकांचा संसार त्या शिलाईवर चालतो. हे नाकारून इतिहासाच्या नावाने नाक मुरडणं बरं नाही. ज्ञानदानंदिनींनी परकर घातला तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असणार.

आणि आपल्या आज्यांनी लुगड्याला कधी सुई-कात्री लावलीच नाही, असंही नाही. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे. त्याला ‘दंड घालणं’ म्हणत. आणखी विरलं की त्याचं बाळाचं दुपटं, कुंची, शेवटी गोधडी. पण त्या कात्रीला एक क्रम होता. धड कापड आधी नेसायचं, विरल्यावर कापायचं, आणि कापलेल्याचा तुकडाही वाया घालवायचा नाही. आज कापडाची नासाडी टाळणारं शिवणकाम म्हणून जगभरच्या फॅशन शाळांत जे शिकवतात, त्याचा गाभा या घरगुती हिशेबात होता.

तर आता तो प्रश्न: आजीचं लुगडं शिवावं का? आमचं उत्तर तीन भागांत आहे.

पहिलं, शिवलेली नऊवारी हवी असेल तर नवं कापड घ्या आणि खुशाल शिवा. बाजारात साधं, मजबूत कापड मिळतं. आजीचंच कशाला?

दुसरं, आजीचंच हवं असेल तर आधी ते उजेडात उघडून पाहा. जुनं रेशीम घडीवर चिरलेलं असतं. जर असलेल्या कापडाला कात्री लागली की काठ उसवत जातो. धड असेल तर कापू नका. निऱ्या घालून वेगळ्या पट्ट्यावर हाताने कच्चे टाके घाला. समारंभ झाला की टाके काढले, लुगडं पुन्हा आयत. विरलेलं असेल, तर मात्र आजीच्याच क्रमाने जा. काठ वापरा, पदर वापरा, उरलेल्याचं दुपटं करा.

तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. घरात, नात्यात, शेजारी कुणी नऊवारी नेसणारी असेल, तर कात्री हातात घेण्याआधी तिच्याकडून एकदा नेसून घ्या आणि मोबाइलवर सगळं चित्रित करा. गाठ कशी मारली, किती कापड पदराला सोडलं, कासोटा कुठे खोचला, हे जवळून. ऋता कपूर चिश्ती यांनी आपल्या ग्रंथात साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या आहेत. पण तुमच्या आत्याची गाठ त्यात असेलच असं नाही. कापड पेटीत शंभर वर्षं राहू शकतं. नेसण्याची रीत पेटीत राहत नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मधला एक हात सुटला की उरतं फक्त सव्वाआठ मीटर सुंदर कापड, आणि ते कसं उभं करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. मग कात्रीशिवाय दुसरा उपायच राहत नाही.

आता आपण ही पहिली नऊवारी इथेच नेसून दाखवणार आहोत. शिकायचं असेल त्यांनी पुढे या. प्रश्न त्यानंतर घेऊ.