आमच्या चर्चमधील भजने

मंडळाच्या भजनाच्या तालमीला मी प्रथम बसले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारले, "तुमच्या चर्चमध्ये इंग्रजी गाणी असतात ना? मग हा ठेका तुम्हाला कसा येतो?" तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. अध्यक्षीणबाईंनी स्मरणिकेसाठी लिहाच म्हटले, म्हणून आज ते देते. मी सातवीपर्यंत शिकलेली. चूकभूल भगिनींनी पदरात घ्यावी.

मराठी ख्रिस्ती भक्तिगीत आजकालचे नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. आपल्याकडे पोथी लावतात, तसे ते तेथील चर्चमधून गाऊन वाचीत.

पुढे अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईस व १८३१ साली अहमदनगरास आले. पाद्र्यांनी आपल्या चाली बरोबर आणल्या. शब्द मराठी, चाल विलायती! त्यात ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ आखडते आणि अर्थ निसटतो. टाळ-मृदंग देवळातला, तो चर्चमध्ये नको, असे पाद्र्यांप्रमाणे कित्येक नव्या ख्रिस्ती लोकांनाही वाटे. घरदार सोडून आलेल्यांना जुनी चाल पुन्हा मागे ओढील ही धास्ती होती. तीही समजण्यासारखी आहे.

तरी नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. त्यांनी शेकडो भजने व अभंग रचले, कीर्तने केली. 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची पुष्कळ पदे आहेत. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या! माझ्यासारखीला याचा फार धीर वाटतो.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये मुख्य उपासना लॅटिनमध्ये चाले. १९६३ साली रोमच्या धर्मपरिषदेने लोकभाषेस मोकळीक दिली.

आपल्या भागात अलायन्स मिशनचे काम अकोला, खामगाव, बुलढाणा अशा गावांतून झाले. माझ्या सासूबाई त्यातल्याच एका मंडळीत वाढल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. विलायती चालीचे गीत लागले की त्या ओठ मिटून बसत. अभंग लागला की सर्वांआधी त्यांचा आवाज. तोच अभंग मग निंदणीला, जात्याशी, आजाऱ्याच्या उशाशी. नवी सून असताना मी एकदा झांज घेऊन चर्चला गेले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ती खाली ठेवायला लावली. मला रडूच आले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "झांज ठेव. हात आहेत ना?" आणि त्यांनी टाळ्या धरल्या.

आता तरुण मुले गिटार, कीबोर्ड आणतात, हिंदी गाणी म्हणतात. त्यांत माझा मुलगाही आहे. मी त्याला रागे भरले. तो म्हणाला, "आई, तुझी पेटी तरी कुठली?" खरेच की! हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसला घेतले गेले; आज तिच्यावाचून आपले भजनी मंडळ अडते. शेगावच्या भजनातही ती परकी वाटत नाही. तेव्हा वाद्यावर माझा राग उरला नाही. मात्र मी त्याला एक अट घातली: दर रविवारी एक तरी गीत असे घ्या, की जे पुस्तक न वाचता येणाऱ्या म्हातारीलाही उचलता येईल. गेल्या महिन्यापासून मुले तसे करू लागली आहेत.

काकू, ठेका मला सासूबाईंकडून आला. त्यांची पाच भजने मी वहीत उतरवून घेतली आहेत. पुढच्या तालमीला वही घेऊन येईन.